दरोबस्त, उखळासह

माझ्या धंद्याला काय म्हणायचं ते समोरच्याच्या अडचणीवर ठरतं. काम अडलेलं असलं की मी ‘मॅडम’ असते, काम झालं की ‘ती कोपऱ्यावरची टायपिंगवाली’. सरकारी भाषेत मी दस्तलेखक. सोलापुरात निबंधक कचेरीसमोरच्या बोळात माझा पत्र्याचा गाळा आहे. त्यात एक टेबल, एक कॉम्प्युटर, कायम खोकणारा एक प्रिंटर आणि गिऱ्हाइकांसाठी तीन खुर्च्या, त्यातली एक डुगडुगणारी. लोक घरं विकतात, घेतात, लेकीला बक्षीस देतात, बहिणींकडून हक्क सोडवून घेतात. त्यांच्या तोंडची गोष्ट मी कागदावर उतरवते आणि तो कागद घेऊन ते समोरच्या जिन्याने वर जातात.

टेबल मुळात अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. हात थरथरायला लागला तेव्हा त्यांनी ते मला दिलं. मुलगा नाही म्हणून लेकीला बसवलं, असं नातेवाईक म्हणतात. तिचं अक्षर चांगलं म्हणून बसवलं, असं अण्णा म्हणतात. या वादात मी अण्णांच्या बाजूची आहे.

अण्णांच्या प्रत्येक खरेदीखताच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य असायचं. ‘सदरहू मिळकत जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधीनिक्षेप व तदंगभूत वस्तूंसह, जाण्यायेण्याच्या वहिवाटीसह, दरोबस्त आपणांस कायम खरेदी दिली असे.’ शेजारच्या मुली संध्याकाळी पाढे म्हणायच्या, मी अण्णांच्या टेबलापाशी बसून हे वाक्य म्हणायचे. त्याला एक ठेका होता. अर्थही हळूहळू कळत गेला. पाणी, झाड, गवत, लाकूड, दगड, जमिनीत पुरलेलं धन आणि घराच्या अंगाला चिकटलेलं जे जे काही ते सगळं. ज्या पेठेत नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, तिथल्या दोन खोल्यांच्या घरालाही अण्णा मोठ्या थाटात ‘जल’ लिहायचे, याचं मला हसू यायचं.

एक शब्द तेवढा अडायचा. दरोबस्त. तो घरात कुणी बोलत नव्हतं, बाजारात कुणी बोलत नव्हतं. विचारलं तेव्हा अण्णांनी त्यांच्या उस्तादांची गोष्ट सांगितली. हे उस्ताद म्हणजे लोकांचे अर्ज लिहून देणारे एक म्हातारे मुसलमान अर्जनवीस. त्यांना मोडी यायची, फारसी यायची, आणि अण्णा पंधरा-सोळा वर्षांचे असताना त्यांच्या हाताखाली शाई घोटायला होते. अण्णांनी हाच प्रश्न त्यांना विचारला होता. उस्तादांनी टाकाची काडी दाराकडे रोखली आणि म्हणाले, “दर बोले तो दरवाजा. बस्त बोले तो बंद. दरवाजा बंद करके अंदर जो कुच हय, सब गया. अब पिच्छे मुडके देखनेका नहीं.” पुढे मी शब्दकोशात पाहिलं, तर तिथे नुसतं ‘संपूर्ण, सगळाच्या सगळा’ एवढंच. पूर्वी म्हणे गावंच्या गावं दरोबस्त इनाम दिली जायची, झाडापेडांसकट. शब्दकोश बरोबरच असणार. पण माझ्या मनात तो शब्द उस्तादांच्या टाकाच्या टोकावरच राहिला आहे.

कॉम्प्युटर आला तेव्हा मी ‘खरेदीखत घर’ नावाची एक फाईल केली. वरची नावं बदलायची, चतुःसीमा बदलायच्या, बाकी सगळं तयार. अण्णांचं ते वाक्य मी त्यात जसंच्या तसं घातलं. नव्या मंडळींनी ते कधीच टाकून दिलंय, त्यांना त्याची गरज वाटत नाही. मी मात्र ठेवलं आणि त्याचा मला अभिमानही होता. वडिलांचा वारसा वगैरे.

अण्णांची एक सवय तेवढी त्या फाईलमध्ये आली नाही, कारण ती कागदावर कधी नव्हतीच. अण्णा सगळं खत लिहायचे आणि शेवटच्या वाक्यापाशी थांबायचे. पेनाला टोपण लावायचे, चहा मागवायचे आणि घर विकणाऱ्याला विचारायचे, “काय न्यायचंय?” बहुतेक जण म्हणायचे, काही नाही. अण्णा चहा संपेपर्यंत गप्प बसायचे. तिसऱ्या घोटाला कुणीतरी घसा खाकरायचं. दारावरचं पितळी कडं न्यायचं होतं. आजोबांचं नाव कोरलेली फरशी न्यायची होती. झोपाळ्याच्या कड्या, परसातली तुळस. मग अण्णा टोपण काढायचे, ‘अमुक वस्तू वगळून’ असं लिहायचे आणि त्यानंतर दरोबस्त. एकदा सुरुवातीच्या काळात त्यांनी हे विचारलं नव्हतं. तो माणूस पुढे वर्षभर आपल्याच विकलेल्या घरासमोर येऊन कुंपणाच्या आतल्या कडुलिंबाकडे बघत उभा राहायचा म्हणे. तेव्हापासून चहा.

माझ्याकडे चहाला वेळ कुठला? वरच्या मजल्यावर वेळ ऑनलाइन ठरलेली असते, ती चुकली की दिवस गेला. त्यात सर्व्हर बंद पडतो, अंगठा उमटत नाही, साक्षीदाराचं आधार कार्ड घरी राहिलेलं असतं. ‘काय न्यायचंय’ हा प्रश्न मी कधी सोडला ते मला सांगताही येणार नाही. वाक्य ठेवलं आणि प्रश्न टाकला, म्हणजे सगळं मुसळ केरात. हे मला कळलं ते अव्वांमुळे.

अव्वा शुक्रवार पेठेत राहायच्या. कपाळाला विभूती, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग, बारीक चणीचं, पंचाहत्तरीच्या पुढचं शरीर. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, त्यामुळे मराठीत कानडी आणि कानडीत मराठी असं त्यांचं बोलणं. अव्वा म्हणजे कानडीत आई. आमच्या भागात सगळे त्यांना अव्वाच म्हणायचे आणि सगळे त्यांना एकाच गोष्टीसाठी ओळखायचे, शेंगाचटणीसाठी. सोलापुरात शेंगाचटणी कुठेही मिळते, पण अव्वांची चटणी ताटात आली की लोक भाकरीचा तुकडा आधी तिकडे वळवायचे. नवरा गेल्यावर दोन खोल्यांच्या त्या घरात त्या एकट्याच राहिल्या. मग गुडघे गेले. मुलगा जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, सून नोकरीची. दोघं चांगली होती, वर्षानुवर्षं बोलावत होती. शेवटी अव्वांनीच ठरवलं की घर विकायचं. कुणी ढकललं नाही, कुणी फसवलं नाही. हे मुद्दाम सांगते, नाहीतर वाचणाऱ्याचं बोट लगेच सुनेकडे वळतं.

घर घेणारा तरुण माळशिरस तालुक्यातून शहरात नोकरीला आलेला. आई बरोबर होती. रंग रापलेला, डोक्यावर पदर, नजर चौकस. तिला मी पहिल्या दिवसापासून मावशी म्हटलं.

खरेदीच्या दिवशी नेहमीचा गोंधळ होता. वरून दोनदा निरोप आला की तुमचा नंबर लागतोय. मी खत भराभर वाचून दाखवत होते. अव्वा कानडी अक्षरं वाचणाऱ्या, मराठी कागद त्यांना ऐकूनच कळायचा. डुगडुगणाऱ्या खुर्चीवर त्या हात जोडल्यासारखे मांडीत धरून बसल्या होत्या. शेवटच्या वाक्याला त्यांनी मान वर केली.

“दरोबस्त म्हंजे काय गं?”

मी कागद जुळवत होते. “म्हणजे पक्कं, अव्वा. काम पक्कं.”

“व्हय व्हय,” त्या म्हणाल्या, आणि वर जाऊन त्यांनी गोल गोल कानडी अक्षरांत सही केली.

लहानपणापासून मला त्या शब्दाचा अर्थ माहीत होता. सांगायला एक मिनिट लागलं असतं. मी सांगितलं नाही.

तीन आठवड्यांनी अव्वा माझ्या गाळ्यात आल्या, एकट्या, रिक्षाने. त्यांच्याबरोबर जुन्या इरकलीच्या तुकड्यात गुंडाळलेलं, त्यांच्या खांद्याएवढं उंच काहीतरी होतं. ते त्यांनी भिंतीला टेकवून ठेवलं आणि खुर्चीत बसल्या.

“तुज्या कागदात माजं उखळ कुटं गेलं?”

मला काही समजेना. मग त्यांनी सगळं सांगितलं. सामान तर कधीच हललं होतं, पण उखळ काढायला गवंड्याला सवड नव्हती. आज तो पहार घेऊन आला, त्या त्याला घेऊन घरी गेल्या, तर मावशी दारात उभी. उखळ देणार नाही म्हणाली. मुलाने खत आणून वाचून दाखवलं. त्यात लिहिलंय पाषाण. लिहिलंय दरोबस्त. “मुसळ मी आदीच नेलं हुतं,” अव्वा म्हणाल्या आणि गुंडाळीवर हात ठेवला. “उखळ जमिनीत हाय ना. ते र्‍हायलं.”

कायदा अगदी असाच आहे. मुसळ उचलून नेता येतं म्हणून ते माणसाचं. उखळ जमिनीत पुरलेलं म्हणून ते घराचं. माझ्या ओठांवर हे आलंसुद्धा होतं. खरं सांगायचं तर आधी मला त्यांचाच राग आला. इतकं जिवाचं होतं तर तेव्हाच बोलायचं, असं मनात आलं. मग आठवलं की त्या बोलल्या होत्या. त्यांनी विचारलं होतं आणि मी कागद जुळवत होते.

“फ्लॅटात मिक्सर हाय की,” त्या म्हणाल्या. “सून लई चांगली, नवा आणला. पण ती चटणी न्हाय, भुगा हाय. शेंगाला त्याल सुटत न्हाय. नातू म्हनला, अव्वा, ही तुजी न्हाय.” मग थोड्या वेळाने, “यजमानांनी बसवलं हुतं ते. मी नवी नवरी हुते. दगूड त्यांनी सोता बैलगाडीतनं आणला, सोता खड्डा खणला.”

मी म्हटलं, “मी बघते.” असं आम्ही सगळ्यांनाच म्हणतो. या वेळी मला खरंच बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी शुक्रवार पेठेत गेले. मावशीने पाणी दिलं, पण चेहरा बंद. मी समजावलं की चूक माझी आहे, चूकदुरुस्ती लेख करता येतो, दोघांच्या सह्या लागतील, बाकी सगळं मी करते. तिने ऐकून घेतलं.

“नव्या घरात पाय टाकल्या टाकल्या लक्षुमी उपटून दिऊ व्हय?” ती म्हणाली. “उखळाला आमी हळद लावतो, लगनाचा घाना त्यात भरतो. घरात खड्डा करून कोन दगूड देतं? आन् येक सांगते. आमी येळापूरजवळ र्‍हायचो. मेंढरं हुती, घर हुतं, घरात माजं उखळ हुतं. घर इकलं तवा कागुद झाला. सामान भराय गेले तर त्यो मानूस म्हनतो, उखळाला हात लावायचा न्हाय, कागदात हाय. मला कुनी इचारलं न्हवतं, बाई. हितं आले, घर बगितलं, उखळ दिसलं, तवाच लेकाला म्हनलं, हेच घ्यू. माजं तितं गेलं, मला हितं मिळालं. आता हेबी दिऊ?”

तिकडेही कुणीतरी माझ्यासारखाच टेबलामागे बसला असेल, घाईत असेल, आणि त्यानेही चहा मागवला नसेल. मी उठले. उखळात डोकं घातल्यावर मुसळाला भिऊन चालत नाही, असं म्हणतात. इथे तर उखळ एकीचं, मुसळ दुसरीचं आणि मधे डोकं माझं.

संध्याकाळी अण्णा त्यांच्या आरामखुर्चीत होते. नजर अधू झाल्यापासून ते रोज विचारतात, “आज काय लिहिलंस?” आणि मी सांगते. त्या दिवशी सांगायला जड गेलं. त्यांनी रागवावं असं मला वाटत होतं. रागावले असते तर मलाही माझी घाई, माझा सर्व्हर, माझा नंबर सांगता आला असता.

“विचारलं नव्हतंस?” ते म्हणाले.

“नाही.”

“तिने विचारलं तर सांगितलंही नाहीस.”

“नाही.”

“बरं,” अण्णा म्हणाले. “चूकदुरुस्ती लेख तयार ठेव. दोघींना एका जागी बसव. आणि या खेपेला तू बोलू नकोस. चहा घे.”

रविवारी मी अव्वांना घेऊन गेले. पिशवीत लेख तयार होता, सह्यांच्या जागा मोकळ्या. अव्वांनी मुसळ बरोबर घेतलं होतं. कशाला म्हणून विचारलं नाही. रिक्षात ते आमच्या दोघींच्या मधे तिसऱ्या माणसासारखं उभं होतं, दर खड्ड्याला माझ्या खांद्याला लागत होतं. बोळात शिरताच दोन दारांतून “अव्वा आल्या की” असं ऐकू आलं. त्यांनी हात वर केला, पण थांबल्या नाहीत.

मावशीने आत घेतलं. स्वतःच्या घरात पाहुणी म्हणून बसणं काय असतं ते अव्वांच्या बसण्यात दिसत होतं. चटईच्या अगदी कडेला, पाय पोटाशी. मुलगा रविवारीही कामावर गेला होता. मावशीने चहा टाकला. मी ठरवल्याप्रमाणे गप्प बसले आणि मला ते फार अवघड गेलं. माझं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या वतीने बोलण्यात गेलंय.

स्वयंपाकाच्या खोलीचं दार उघडंच होतं. आत कोपऱ्यात उखळ दिसत होतं. काळा दगड, तोंड जमिनीच्या पातळीला, शेंगदाण्याचं तेल इतकी वर्षं मुरल्यामुळे गुळगुळीत झालेला. समोर चुलीचा जुना ओटा, उजव्या हाताला भिंत. बसायला एकच बाजू मोकळी होती.

चहाचा कप देताना मावशीच्या दंडावरून पदर सरकला. उजव्या कोपराला सोललेलं होतं, वर हळद लावलेली.

“काय झालं?” अव्वांनी विचारलं. पहिल्यांदाच त्या थेट तिच्याशी बोलल्या.

“काय व्हायचं? उखळात जरा मिरच्या कुटाय बसले. शेजारनीचं मुसळ आणलं. दर खेपेला कोपार भितीवर.” मावशी चिडूनच बोलली. “कोन शाना हुता त्यो, आसं बसवनारा? भितीला चिकटून. मानसानं हात कुटं न्यायचा?”

मी चहात बघत राहिले. अव्वांनी कप खाली ठेवला.

“मी डावखुरी हाय,” त्या म्हणाल्या.

मावशीला कळलं नाही. अव्वा उठल्या, गुडघ्यावर हात देत आत गेल्या आणि उखळापाशी बसल्या. एक पाय पसरला, एक दुमडला. मग डावा हात पुढे केला. मी मुसळावरचं इरकल सोडून ते त्यांच्या हातात दिलं. उखळ रिकामंच होतं. त्यांनी मुसळ वर उचललं आणि हलकेच खाली सोडलं. डाव्या बाजूला सगळी खोली मोकळी होती. कोपर कुठेही लागत नव्हतं. उजवा हात भिंत आणि उखळ यांच्या मधल्या जागेत आपसूक जाऊन बसला, कूट आत लोटायचा असतो तसा. उखळाची एक कड दुसरीपेक्षा जास्त झिजली आहे, हे मला तेव्हा दिसलं.

“सासूबाईंच्या उखळात मला जमत न्हवतं,” अव्वा म्हणाल्या. “समदी हसायची. डाव्या हातानं कुटलेलं कोन खानार, म्हनायची. यजमान काय बोलले न्हायत. येक दिवस मला हितं बसवलं, हात फिरवून दाव म्हनले. खडूनं खूण केली. मग खड्डा खणला.”

मावशी दारात उभी होती. तिचा डावा हात आपल्या सोललेल्या कोपरावर गेला होता आणि तिथेच राहिला. चहावर साय धरली.

“न्या,” मावशी म्हणाली. “ह्ये माजं न्हाय. न्या तुमी. लेकाची सही मी घेते. कुटं करायची?”

मी पिशवीत हात घातला. कागद अर्धा बाहेर आला होता.

“बेड, बेड,” अव्वा म्हणाल्या. नको म्हणायचं असलं की त्यांच्या तोंडी कानडीच यायची. त्यांनी मुसळ उखळात उभं सोडलं आणि उखळाच्या कडेवरून तळवा फिरवला, एकदा पूर्ण गोल. “न्हिऊन ठिवू कुटं? तिसऱ्या माळ्यावर? माजी जमीन म्हंजे खालच्याचं छत. येक घाव घातला तर खालची मानसं वर येतील. लेकानं इचारलं हुतं, अव्वा, नेऊन करणार काय? मी म्हनलं, बगीन जागा कुटंतरी. पर जागाच न्हाय तर बगू कुटं?”

इतके दिवस मी कागद दुरुस्त करायच्या मागे होते. कागद दुरुस्त झाला असता तरी त्या दगडाला ठेवायला जगात जागा नव्हती, आणि हे त्यांना माहीत होतं. तरीही त्या आल्या होत्या, कारण निरोप घ्यायचा राहिला होता. तो तेवढा माझ्यामुळे राहिला होता.

अव्वा उठायला लागल्या. मावशीने पुढे होऊन त्यांना दंडाला धरून उठवलं. उभ्या राहिल्यावर अव्वांनी भिंत आणि उखळ यांच्या मधे आपली वीत ठेवली, मग तीच वीत उखळाच्या पलीकडे ठेवली आणि तिथे बोटाने जमिनीवर एक रेघ ओढली. फरशीवर ती रेघ उमटली नाही.

“गवंडी हाय माजा वळखीचा, धाडते,” त्या मावशीला म्हणाल्या. “ह्यो दगूड हितनं काडा आन् वीतभर इकडं बसवा. म्हंजे तुमचा उजवा हात मोकळा फिरंल. खड्डा घरातल्या घरात, लक्षुमी बाहीर जात न्हाय. आन् शेजारणीचं मुसळ परत द्या. ह्ये मुसळ ह्या उखळाचंच हाय.”

मावशीने मुसळाला हात लावला नाही. ती खाली वाकली आणि अव्वांच्या पाया पडली. मग दोघींनी उखळावर हळदकुंकू वाहिलं, आणि अव्वांनी तिला शेंगा किती खरपूस भाजायच्या, लसूण सालीसकट घालायचा की सोलून, आणि मीठ सगळ्यात शेवटी का, हे सगळं सांगितलं. मी तो कागद घडी करून पिशवीत परत ठेवला.

परत येताना रिक्षात जागा बरीच होती. अव्वा मात्र एका कडेलाच बसल्या होत्या, डावा हात मांडीवर उघडा. सात रस्त्याच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा त्यांनी विचारलं,

“दरोबस्त म्हंजे काय गं, खरं सांग.”

या वेळी मी नीट सांगितलं. दर म्हणजे दार. बस्त म्हणजे बंद केलेलं. दाराच्या आत जे जे आहे, पाणी, झाड, दगड, भिंतीला चिकटलेलं, जमिनीत रुतलेलं, ते सगळंच्या सगळं दुसऱ्याला देऊन टाकणं आणि मागे काही न ठेवणं. उस्तादांचं सांगितलं, अण्णांच्या चहाचं सांगितलं. त्यांनी त्या दिवशी विचारलं तेव्हा मी सांगितलं नाही, हेही सांगितलं.

सिग्नल सुटला. अव्वा बाहेर बघत होत्या.

“मग त्या दिवशी न्हवतं झालं,” त्या म्हणाल्या. “आज झालं.”